रेशमी रस्त्याचे दख्खनी टोक

कोणाच्याही घरी जेवायला गेलो की आधी पुस्तकांचे कपाट बघायचे, ही माझी जुनी खोड. टोरांटो आणि मिसिसागाच्या मराठी घरांमधली कपाटे साधारण एकाच वळणाची असतात. वरच्या कप्प्यात देशातून बॅगेत कोंबून आणलेल्या मराठी कादंबऱ्या आणि शिवचरित्रे, मधल्या कप्प्यात मुलांची बक्षिसे आणि खाली इंग्रजी पुस्तके. त्या खालच्या कप्प्यात गेल्या काही वर्षांत दोन जाडजूड पुस्तके हमखास दिसू लागली आहेत. एक जॅक वेदरफोर्डचे 'चंगीझखान आणि आधुनिक जगाची घडण' (2004) आणि दुसरे पीटर फ्रँकोपनचे 'द सिल्क रोड्स' (2015). आपल्यासारख्या इंजिनिअर, डॉक्टर, अकौंटंट मंडळींना इतिहास वाचायचा असतो. पण तो सुटसुटीत हवा, पानोपानी तळटीपा नकोत आणि शेवटी काहीतरी 'टेक होम' मिळायला हवे. ही दोन्ही पुस्तके ती गरज उत्तम भागवतात.

मी दोन्ही वाचली आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक तिसरे लहानसे पुस्तकही, जे कोणाच्याच कपाटात मला अजून दिसलेले नाही. या तिघांबद्दल एकत्र लिहावेसे वाटले याचे कारण असे, की तुर्क आणि मोंगल खानांच्या व्यापारी रस्त्यांची गोष्ट आपण आता दुसऱ्यांच्या देशांची गोष्ट म्हणून चवीने वाचतो. त्या रस्त्याचे एक टोक आपल्या अंगणात येऊन थांबले होते, हे मात्र आपल्या गावीही नसते.

आधी वेदरफोर्ड. हा गृहस्थ मूळचा मानववंशशास्त्रज्ञ. मिनेसोटातल्या मॅकॅलेस्टर कॉलेजात त्याने अनेक वर्षे शिकवले. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी जगाला काय काय दिले, यावर त्याचे 1988 सालचे एक पुस्तक आहे. बटाटा, मका, औषधे, इतकेच काय राज्यकारभाराच्या कल्पनासुद्धा. कॅनडात राहणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे मी म्हणेन. ज्यांची बाजू कोणी मांडली नाही त्यांची बाजू मांडणे हा या लेखकाचा स्वभाव आहे, आणि त्याच स्वभावाने तो मोंगलांकडे गेला. मंगोलियाच्या माळावर घोड्यांवरून हिंडला, तिथल्या विद्वानांबरोबर 'मोंगलांचा गुप्त इतिहास' हा तेराव्या शतकातला ग्रंथ प्रत्यक्ष जागा बघत वाचला. बापाविना वाढलेला, भावकीने माळावर टाकून दिलेला तेमूजिन नावाचा पोरगा 1206 साली चंगीझखान कसा झाला, हा पुस्तकाचा पहिला भाग इतका जिवंत उतरला आहे की खाली ठेववत नाही. रोमनांना चारशे वर्षांत जिंकता आला नाही एवढा मुलूख मोंगलांनी पंचवीस वर्षांत जिंकला, हे वाक्य आपण पार्टीत दुसऱ्यांना ऐकवतो ते इथूनच आलेले.

कुळापेक्षा कर्तबगारीला मान, सर्व धर्मांना मोकळीक, वकिलांना अभय, दर पंचवीस-तीस मैलांवर ताज्या घोड्यांचे टपालठाणे, आणि व्यापाऱ्यांना धातूची पाटी देऊन दिलेले संरक्षण. वेदरफोर्डच्या मते आधुनिक जगाचा पाया हा असा घातला गेला. यातली बरीचशी माहिती खरी आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाला तर ती फारच ओळखीची वाटते. माझे पोट डेटा नेटवर्कच्या सॉफ्टवेअरवर चालते, तेव्हा टपालठाण्यांचे वर्णन वाचताना मला राउटर दिसू लागले यात नवल नाही. इंटरनेटशी तुलना तर आता इतकी सर्रास होते की ती खरीच वाटायला लागली आहे.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. तार संदेश वाहून नेते, संदेश लिहीत नाही. छपाई, दारूगोळा, होकायंत्र या गोष्टी चिनी कारागिरांच्या. त्या पश्चिमेकडे सरकल्या तेव्हा वाटेवर मोंगलांचे राज्य होते हे ठीक. पण तेवढ्यावरून युरोपच्या नवजागरणाचे श्रेय मोंगलांना देणे म्हणजे पोस्टमनला पत्राचा लेखक म्हणण्यासारखे आहे. कुठल्याही प्रबंधाच्या परीक्षेत परीक्षकाने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की दोन गोष्टी एका वेळी घडल्या हे दिसले, पण एकीमुळे दुसरी घडली हे कसे ठरवले? पुस्तकाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात हा प्रश्न सारखा मनात येतो, आणि लेखक त्याला उत्तर न देता पुढच्या सुरस गोष्टीकडे वळतो.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. 1218 साली चंगीझखानाने पाठवलेला सुमारे साडेचारशे व्यापाऱ्यांचा तांडा आजच्या कझाकस्तानातल्या ओत्रार इथल्या सुभेदाराने हेर समजून कापून काढला. त्याचा सूड म्हणून मोंगल फौजा ख्वारिझमवर उतरल्या आणि 1221 पर्यंत मर्व, निशापूर यांसारखी शहरे बेचिराख झाली. एकट्या निशापुरात सतरा लाखांवर माणसे मारली असे जुने ग्रंथ सांगतात. एका शहरात एवढी माणसे मावणेच शक्य नव्हते, हे वेदरफोर्ड दाखवतो आणि ते बरोबरच आहे. पण आकडा फुगवलेला आहे हे सिद्ध झाले म्हणजे प्रेते नाहीशी होत नाहीत. हिशेबातली चूक दुरुस्त करण्याच्या नादात लेखक शोक करायचा विसरतो. मूळ अमेरिकनांच्या पुस्तकात ज्याने नामशेष केल्या गेलेल्यांची बाजू घेतली, तोच इथे नामशेष करणाऱ्यांचा वकील होतो.

या बाबतीत आपल्या टोरांटोतच एक धडा उभा आहे. डॉन मिल्स भागात, वायनफर्ड ड्राइव्हवर 2014 साली आगाखान म्युझियम उघडले. इमारत फुमिहिको माकी या जपानी वास्तुशिल्पकाराची, आणि शेजारचे इस्माइली सेंटर आपल्या मुंबईच्या चार्ल्स कोरियांचे. आपल्यातले बरेच जण तिथली बाग आणि कारंजी बघून, फोटो काढून आले आहेत. हे ज्या निझारी इस्माइली समाजाचे आहे, त्याचे डोंगरी किल्ल्यांवरचे राज्य 1256 साली चंगीझचा नातू हुलागू याने मोडून टाकले. आलमूतच्या किल्ल्यावर त्यांचे प्रसिद्ध ग्रंथालय होते. हुलागूच्या चाकरीत असलेला इतिहासकार जुवैनी परवानगी काढून आत गेला, कुराणाच्या प्रती व ग्रहताऱ्यांची यंत्रे वेगळी काढली आणि बाकीचे बहुतेक जाळायला लावले. गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, पण आलमूतचा पहिला धनी हसन सब्बाह याच्या चरित्राचा पुष्कळसा मजकूर आज आपल्याला मिळतो तो याच जुवैनीने जाळण्यापूर्वी उतरवून घेतला म्हणून! ज्यांची पुस्तके गेली त्यांनीच साडेसातशे वर्षांनी इतक्या दूर देशात इराणी हस्तलिखितांचे असे देखणे घर बांधावे, ही गोष्ट मला वेदरफोर्डच्या सगळ्या निष्कर्षांपेक्षा मोठी वाटते. त्यांनी विसरूनही दाखवले नाही आणि ऊर बडवूनही दाखवले नाही.

तिसरा मुद्दा रस्त्याच्या सुरक्षिततेचा. मोंगलांच्या राज्यात डोक्यावर सोन्याचे ताट घेऊन एकटी बाई पूर्वेकडून पश्चिमेकडे जाऊ शकत असे, अशा अर्थाची गोष्ट सगळे सांगतात. पण 1262 पासूनच चंगीझचे नातू आपसात लढत होते: व्होल्गाकाठचा बेर्के आणि इराणातला हुलागू. पुढे मध्य आशियात कैदूने कुब्लाईखानाशी तीसएक वर्षे दावा मांडला. भाऊबंदकी ही काही आपलीच मक्तेदारी नव्हे! परिणाम असा झाला, की कुब्लाईने इराणच्या खानासाठी कोकाचिन नावाची वधू पाठवली तेव्हा युद्धामुळे खुश्कीचा मार्ग सोडून तिला समुद्रमार्गे न्यावे लागले. त्या वऱ्हाडात मार्को पोलो होता. 1290 च्या दशकात ती जहाजे सुमात्रा, दक्षिण हिंदुस्थान असे करत होर्मुझला लागली. म्हणजे ज्या काळाला हमरस्त्याचा सुवर्णकाळ म्हणतात, त्याच काळात खुद्द बादशहाच्या माणसांनी तो रस्ता टाळला. नेटवर्कवाल्याच्या भाषेत सांगायचे तर मुख्य वाहिनी समुद्रातून जात होती आणि जमिनीवरचा रस्ता जमेल तेव्हा चालत होता.

आता या समुद्राच्या वाटेवर एक ओळखीचे स्टेशन येते. पोलोच्या वृत्तांतात ठाण्याचे राज्य आहे. आपले ठाणे, जिथून आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी कधी ना कधी लोकल पकडली आहे! तिथून कातडी आणि सुती कापड जाते असे तो सांगतो आणि पुढे एक चोरटा करार सांगतो. तिथल्या राजाने समुद्री चाच्यांना मोकळीक दिली होती, अट एकच: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. परदेशातून हिंदुस्थानात घोडे भरलेली जहाजे सारखी येत, त्यामुळे हा सौदा राजाला किफायतशीर पडे. आपल्याकडच्या हवेत चांगला घोडा निपजत नाही आणि घोड्याशिवाय राज्य टिकत नाही, ही दख्खनची शतकानुशतकांची अडचण. ती एका वाक्यात कळावी अशी ही हकिकत आहे.

आणि देवगिरी? चंगीझखानाच्या धाडीपुढे मध्य आशियातले सरदार, शिपाई, पंडित जे पळाले त्यांतले पुष्कळ दिल्लीच्या आश्रयाला आले. त्यांच्या येण्याने दिल्लीची तुर्की सुलतानी बळकट झाली. तेराव्या शतकाच्या अखेरीस मोंगल थेट दिल्लीवर येऊ लागले. त्यांना थोपवायचे तर मोठी खडी फौज हवी आणि फौजेला पैसा हवा. 1296 साली, ज्या वर्षी ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली त्याच वर्षी, अल्लाउद्दीन खिलजी रामदेवरायाच्या देवगिरीवर येऊन पडला. ती लूट त्याने आधी दिल्लीचे तख्त मिळवण्यासाठी वापरली. मग 1299 आणि 1303 मध्ये मोंगल दिल्लीच्या वेशीपर्यंत आले. त्यानंतर अल्लाउद्दीनने धान्याचे भाव बांधून दिले, फौज वाढवली, आणि दख्खनच्या खंडणीकडे त्याची नजर कायमची लागली. यादवांच्या पाडावाला यादवांच्या चुकाही कारणीभूत होत्या, यात शंका नाही. पण आपल्या शाळेच्या पुस्तकात अल्लाउद्दीन उत्तरेकडून अचानक उगवतो. त्याच्या पाठीमागे कोण उभे होते हे कोणी सांगत नाही. वेदरफोर्डही ही गोष्ट सांगत नाही, कारण त्याचे लक्ष दिल्लीच्या वेशीशी थांबते.

फ्रँकोपनकडून माझी अपेक्षा जास्त होती. ऑक्सफर्डचा हा प्राध्यापक युरोपला जगाच्या मध्यावरून उचलून बाजूला ठेवतो आणि मध्य आशिया व इराण तिथे आणून बसवतो. प्रत्येक प्रकरणाला एकेका रस्त्याचे नाव आहे. श्रद्धांचा, गुलामांचा, फरचा, सोन्याचा. 'रेशमी रस्ता' हे नावच 1877 साली रिख्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने रूढ केले. रस्त्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्याला ते ठाऊक नव्हते, हे ध्यानात ठेवून वाचले तर पुस्तक उपयोगी आहे. गुलामांच्या व्यापाराबद्दल तो आडपडदा ठेवत नाही, हे मोठे श्रेय. पण या एवढ्या जाडजूड पुस्तकात दख्खनच्या वाट्याला फारच थोडे येते. युरोप मध्यावरून हलला खरा, तरी प्रश्न युरोपचेच राहिले: आमच्याकडे माल कसा आला, रोग कसा आला, तेल कसे आले. आपण मात्र ते वाचून खूश होतो, की चला, कोणीतरी पूर्वेबद्दल बरे लिहिले.

इथवर परक्यांच्या पुस्तकांची झाडाझडती झाली. आता थोडी घरची. माझे घर मूळ मराठवाड्यातले. आजोबा 'मोगलाई' हा शब्द दोन अर्थांनी वापरत. एक सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेला: अंदाधुंदी. दुसरा केवळ भूगोलाचा: निझामाचा मुलूख, जो 17 सप्टेंबर 1948 ला संपला. पेशव्यांच्या कागदांतही निझामाला सरळ मोगल म्हटलेले सापडते. पहिल्या निझामाचे आजोबा समरकंदकडून हिंदुस्थानात आले आणि 1687 साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात जखमी होऊन गेले; तेव्हा या शब्दामागे मध्य आशियाचा धागा आहेच. मजा अशी, की दिल्लीचे बादशहा स्वतःला मोगल म्हणवत नसत. बाबराचा बाप तैमूरच्या वंशातला, आई चगताई खानांच्या घरातली, म्हणजे चंगीझच्या कुळातली. तरी बाबर आपल्या आठवणींत मोंगलांना मनसोक्त नावे ठेवतो. त्यांच्या घराण्याचे स्वतःचे नाव 'गुरकानी'. त्या शब्दाचे मूळ मोंगल भाषेत आहे आणि अर्थ आहे जावई! तैमूरने चंगीझच्या वंशातली मुलगी केली म्हणून हा किताब. सासरच्या नावावर एवढे मोठे साम्राज्य चालवल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल. आपण ज्याला बहाद्दर म्हणतो, जो दरोगा होता, जो तोफ डागत होता, जो बावर्ची मुदपाकखाना सांभाळत होता, जो कैची चालवत होता, ते सगळे शब्द तुर्की-मोंगल मुलखातून फारसीच्या पाठीवर बसून आपल्याकडे आले. आपल्या पोवाड्यांत ते परके वाटत नाहीत.

मध्यंतरी आमच्या मुलीला शाळेत रेशमी रस्त्यावर प्रकल्प होता. घरी आजीकडून ऐकलेल्या शिवरायांच्या गोष्टी एका बाजूला आणि शाळेतला रंगीत नकाशा दुसऱ्या बाजूला. तिने जेवताना विचारले, "बाबा, मग हे मोंगल लोक चांगले की वाईट? आणि आपण कोणाच्या बाजूचे?" वेदरफोर्ड वाचून तिला 'चांगले' म्हणता आले असते. बखर वाचून 'वाईट' म्हणता आले असते. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटली. मग मी तिसरे पुस्तक काढले.

सायमन डिग्बी यांचे 'सुफीज अँड सोल्जर्स इन औरंगझेब्स डेक्कन' हे पुस्तक 2001 साली दिल्लीहून प्रसिद्ध झाले. डिग्बींचा जन्म जबलपूरचा, फारसीचा व्यासंग आयुष्यभराचा. 2010 साली ते वारले. हे पुस्तक म्हणजे 'मल्फुजात-इ-नक्शबंदिया' या फारसी ग्रंथाचा अनुवाद. त्यातल्या मुख्य व्यक्ती दोन, बाबा पलंगपोश आणि बाबा शाह मुसाफिर. दोघेही बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानकडचे. तेव्हा बुखाऱ्यात जे खान राज्य करत होते ते चंगीझच्या थोरल्या मुलाच्या, जोचीच्या, वंशातले होते. म्हणजे हा सगळा प्रवास एका खानाच्या मुलखातून सुरू होऊन दख्खनमध्ये संपतो. पलंगपोश म्हणजे बिबट्याचे कातडे पांघरणारा. तो औरंगजेबाच्या दख्खनच्या मोहिमेत गाझीउद्दीन फिरोजजंगाच्या, म्हणजे पहिल्या निझामाच्या वडिलांच्या, छावणीबरोबर फिरला. मुसाफिराने मात्र नावाला न जागता औरंगाबादेत मुक्काम ठोकला. त्याची जागा आपल्यातल्या मराठवाड्याच्या प्रत्येकाने सहलीला पाहिली आहे: पाणचक्की! डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून काही मैलांवरून आणायचे, भिंतीवर चढवायचे आणि वरून धबधब्यासारखे सोडून जाते फिरवायचे. दळलेले पीठ मठातल्या फकिरांना आणि वाटसरूंना. अभियांत्रिकी शिकलेल्या माणसाने तिथे दोन मिनिटे टोपी काढावी. शहराचे नाव 2023 साली छत्रपती संभाजीनगर झाले. पाणचक्की तिथेच आहे.

या पुस्तकात साम्राज्याचे सिद्धान्त नाहीत. पगार थकलेले शिपाई आहेत, ओळखीच्या सरदाराकडे चिठ्ठी घेऊन आलेले गाववाले आहेत, सुरतेहून जहाज धरून हजला निघालेले आणि वाटेत आजारी पडलेले यात्रेकरू आहेत. आपल्या गावाकडच्या माणसाला मठात भाकरी आणि टेकायला जागा मिळते, ही बातमी बुखाऱ्यापर्यंत पोचलेली आहे. वाचता वाचता मला आपलीच गोष्ट दिसू लागली. आपणही कोणाच्या तरी तळघरात पहिले दोन महिने काढले, कोणाच्या तरी शिफारशीवर पहिली मुलाखत मिळवली, आणि 'तिकडे आमचे एक ओळखीचे आहेत' या वाक्यावर अर्धी पृथ्वी ओलांडली. वाहतूक दुतर्फा होती हेही विसरू नये. त्याच शतकात मुलतानकडचे हिंदू व्यापारी बुखाऱ्यात सावकारी करत होते आणि व्होल्गाच्या मुखाशी अस्त्राखानला त्यांची वसाहत होती. बर्फात दुकान मांडून बसणारे आपण पहिले नव्हे.

पण ही तुलना फार ताणू नये, आणि डिग्बींच्या पुस्तकाची मर्यादाही इथेच आहे. आपण इथे व्हिसाचा अर्ज भरून आलो, फौजेबरोबर नाही. मठातला वाटसरू गरीब होता हे खरे; पण त्या मठाला देणग्या देणारे सरदार ज्या मोहिमेत होते, ती पंचवीस वर्षे दख्खन भाजत होती. 1689 साली संभाजीराजांची हत्या त्याच मोहिमेत झाली. छावणीतल्या घोड्यांनी कोणाची ज्वारी खाल्ली, हे गुरूच्या चमत्कारांची नोंद करणारा शिष्य लिहीत नाही. ते शोधायला दुसरीकडे जावे लागते. उदाहरणार्थ मोगलांच्याच नोकरीत राहून त्या युद्धाला कंटाळलेल्या भीमसेन सक्सेनाच्या आठवणींकडे. त्या मराठीत आणल्या मराठवाड्याच्याच सेतुमाधवराव पगडींनी. शत्रूच्या भाषेत प्रवीण होऊन शत्रूचे कागद आपल्या वाचकापुढे ठेवणारा हा माणूस मला आदर्श वाटतो. त्याच्याही आधी, 1898 साली, सरदेसायांनी 'मुसलमानी रियासत' लिहून मराठ्यांच्या इतिहासाआधी सुलतानांचा इतिहास समजून घ्या असे सुचवलेच होते. म्हणजे परंपरा आपल्याकडे आहे, वाचणारे कमी झाले.

आणखी एक कडू घोट. माझ्या बंगाली मित्रांच्या घरी मुलांना झोपवताना बर्ग्यांची भीती घालणारे अंगाईगीत म्हणतात. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरकर भोसल्यांचे सरकारी घोड्यांवरचे स्वार, जे 1742 पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालवर चौथाईसाठी चालून जात. निशापूरच्या आईला मोंगल घोडेस्वार जसा दिसला असेल, तसा बरद्वानच्या आईला मराठा घोडेस्वार दिसला. माझ्या मित्राने हे हसत सांगितले, पण मला त्या दिवशी हसू आले नाही. आकडे वेगळे, काळ वेगळा, हेतू वेगळे. हे सगळे मी जाणतो. तरी घोड्यावर बसून पाहिलेला इतिहास आणि जोत्यावर उभे राहून पाहिलेला इतिहास यांतला फरक या एका अंगाईगीताने मला जितका शिकवला, तितका कुठल्या ग्रंथाने शिकवला नाही.

मुलीला मी शेवटी सांगितले ते असे. माणसाला बाजू असावी, पण ती खानाची किंवा बादशहाची नसावी. घोड्याच्या टापांखाली ज्याचे शेत आले त्याची असावी, मग स्वार कोणत्याही झेंड्याचा असो. त्याच वेळी, त्या रस्त्याने आलेल्या पाण्याच्या नळाला, शब्दाला आणि चित्राला नावे ठेवू नयेत. मग तिला घेऊन रॉयल ओंटारियो म्युझियममध्ये गेलो. तिथल्या बिशप व्हाइट दालनात शान्शी प्रांतातल्या देवळातले मैत्रेय बुद्धाच्या स्वर्गाचे भव्य भित्तिचित्र आहे. युआन काळातले, म्हणजे कुब्लाईच्या घराण्याच्या अमलातले. राजे मोंगल, चितारी चिनी, आणि कल्पना आपल्याकडून तिकडे गेलेल्या बुद्धाची! ते 1920 च्या दशकात भिंतीवरून तुकड्यातुकड्यांनी काढून इथे आणले गेले. तेव्हा ते आणणे योग्य होते का, हाही प्रश्न मुलीने विचारला. तो प्रश्न विचारला गेला एवढ्यानेच माझे तिकिटाचे पैसे वसूल झाले.

आता पुस्तकांचा निकाल. वेदरफोर्ड जरूर वाचा, पहिल्या भागासाठी. तिसऱ्या भागात हातात पेन्सिल ठेवा. फ्रँकोपन सुट्टीत वाचा आणि शेजारी हिंदुस्थानचा नकाशा उघडा ठेवा. डिग्बी मिळवायला थोडी खटपट पडेल, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मागवावे लागेल. पण मराठवाड्याच्या माणसाने तर ते सोडूच नये. आणि या तिन्हींच्या शेजारी पगडींचे एखादे पुस्तक असू द्या, म्हणजे कपाटाचा तोल राहील. पुढच्या वेळी देशात जाल तेव्हा वेरूळला जाताना पाणचक्कीला वीस मिनिटांऐवजी एक तास द्या. मुलांना जाते दाखवा, पाणी कुठून येते ते दाखवा, आणि ते आणणारा माणूस कुठून आला होता तेही सांगा. पुढचे प्रश्न मुले आपणहून विचारतील.